मधला खलाशी

"हुकूम सोडलाय," असं म्हणून नाखवा स्वतःच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसायचे. अंगठा ढिम्म. मग मलाच विचारायचे, "मधला उठला काय गो बाय?"

हा मधला कोण, ते सांगते. थळच्या किनाऱ्यावर टेकूंवर उभी केलेली आपलीच होडी रंगवताना नाखवा घसरले आणि पाठीवर दगडात आपटले. कमरेखालचं सगळं गेलं. मी त्यांना व्यायाम द्यायला घरी जायची. पहिल्याच दिवशी समजावलं, की मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून, म्हणजे मणक्यांच्या आतल्या दोरीतून, पायापर्यंत उतरतो. तुमची ती दोरी मध्येच चिरडलीय. मासेमारीच्या होडीवर इंजिनाच्या धडधडीत सुकाणूवरच्या तांडेलाचा आवाज पुढे जाळं ओढणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. मधला खलाशी ओरडून तो पुढे देतो. नाखव्यांनी हेच धरलं. "म्हंजे मधला झोपलाय. उठंल कवातरी."

"झोपला नाही, मेलाय," मी म्हटलं. तोंड फटकळ माझं. ते हसले. "तुला होडीतलं काय कळतंय?"

एका सकाळी गेले तर दारात चपलांचा ढीग. नाखव्यांची बायको, माझी मावशीच ती, गळ्यात पडली. "पाय हलला गो बाय! तळव्याला वलं फडकं लावलं नि गुडगा वर आला!" अख्खी आळी जमलेली. दर्याला नारळ वाहून झाला होता. होडी धाकट्या भावाच्या हाती द्यायचं ठरलं होतं, तेही नाखव्यांनी मोडीत काढलं. सुकाणू आपणच धरणार म्हणाले.

तळव्याला काही लागलं की मज्जारज्जूचा खालचा तुकडा आपणच पाय झटकतो, मेंदूला विचारतसुद्धा नाही. पण त्या घरात हे नुसतं बोलून कोण ऐकणार? मी नाखव्यांना डोळे मिटायला लावले. "सांगेन तेव्हाच हुकूम सोडा," म्हटलं, आणि काही न सांगता तळव्यावरून बोट ओढलं.

पाय टणकन उडाला. बायका ओरडणार, तेवढ्यात नाखवा डोळे मिटूनच म्हणाले, "सोडू काय आता?"

भावाने मान खाली घातली. नाखव्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

"हलला ना?" ते म्हणाले. "म्हंजे पुढले आपल्याच मनानं वढतात. तांडेल लागत न्हाय त्यांना."

त्याच दिवशी होडी भावाकडे गेली. अंगठ्याकडे नाखव्यांनी परत बघितलं नाही. व्यायामाला नको म्हणाले, जेवणाला नको म्हणाले. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. मावशीने मात्र तळव्याला ओलं फडकं लावणं सोडलं नाही. पाय उडाला की म्हणायची, "म्हायतंय गो, ह्यो त्यांचा हुकूम न्हाय. पन माज्या हाताला जाब तरी देतो." मला तिथे उभं राहवायचं नाही.

नारळी पुनवेच्या आधी नाखवा गेले. मी पोचले तेव्हा शेवटच्या आंघोळीसाठी त्यांना ओटीवर घेतलं होतं. मावशी पायाशी बसली होती. तिने तांब्या बाजूला ठेवला आणि तळव्यावरून ओलं बोट ओढलं. थांबली. परत ओढलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढलेबी गेले गो बाय."