धुण्याचे चार दगड आणि एक डोंगा

नोकरीतले खून-दरोडे मी बरेचसे विसरलो. वय झालं की कागदावरच्या भानगडी आपोआप पुसल्या जातात. पण साकोली तालुक्यातल्या एका तलावकाठच्या वस्तीत हरवलेला डोंगा आणि त्याची चौकशी मला आजही जशीच्या तशी आठवते. त्या चौकशीत खरा चुकलेला मीच निघालो, कदाचित म्हणूनही असेल.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझे ओळखीचे निम्मे हवालदार तिकडे गेले आणि ठाण्यात नवी माणसं आली. इलाका मात्र तोच, सानगडी-एकोडीच्या बाजूचा, धानाच्या बांध्यांचा आणि जुन्या मालगुजारी तलावांचा. त्यातल्याच एका तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला लागून ही साठेक घरांची वस्ती होती. फार पूर्वी पाळीच्या मातीकामाला आलेली पाच घरं तिथेच राहिली, तीन मासेमारी करणाऱ्या ढिवरांची आणि दोन पुढे बौद्ध झालेल्यांची. त्यांचीच ही वाढलेली पिलावळ. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला देऊळ. भीमजयंतीच्या पंगतीत वाढायला ढिवरांची पोरं आणि नवरात्राच्या मांडवाला बांबू विहाराजवळच्या घरांतून. बंदोबस्ताला जावं तर लोक आम्हालाच जेवायला बसवत. ठाणेदाराला अशी वस्ती मिळणं हे भाग्यच.

या वस्तीचा एकच डोंगा होता, एका अखंड खोडातून कोरलेला. मालकी एका म्हाताऱ्या ढिवराची, पण वापर सगळ्यांचा. वस्तीत नवी सून आली की, मग ती कुठल्याही घरची असो, म्हातारा तिला डोंग्यात बसवून तलावाची एक फेरी मारत असे. काठावर सगळी वस्ती उभी. ही फेरी झाली की सून वस्तीची झाली.

वैशाखात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, म्हाताऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरला नोकरी करणारा मुलगा धावत आला आणि बघतो तर डोंगा जागेवर नाही. दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन ठाण्यात हजर. अर्जात एका मुलीचं नाव होतं.

मुलगी बौद्ध घरातली, विशीची. पोलीस भरतीत निवडली गेलेली, ट्रेनिंगच्या आदेशाची वाट बघत होती. पलीकडच्या काठाला सरळ रस्ता होता. तिथे धावायला ती रोज सकाळी डोंगा घेऊन जाई. डोंगा शेवटी तिनेच वापरला होता, हे तिलाही मान्य होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला होता. गुन्हा नोंदवला असता तर तिची नोकरी तिथेच संपली असती.

मी अर्ज चौकशीवर ठेवला. मुलगा म्हणाला, "तीन दिवस पाहातो साहेब, नाहीतर एसपी ऑफिसात जातो." पाठोपाठ एक टीपही आली, मुलीच्या घरामागे चिरलेलं लाकूड पडलं आहे. गेलो. ती जुन्या दाराची चौकट निघाली, वाळवीने खाल्लेली. तरी माझा संशय गेला नाही. माणसाच्या चेहऱ्यावरून गुन्हा वाचता येतो, अशी माझी त्या काळी घमेंड होती.

तिला ठाण्यात बोलावलं. सोबत तिची आजी आली. मुलगी टेबलासमोर ताठ उभी राहिली.

"मी डोंगा वापस आनला, खुट्याले बांधला आन् घरी गेली. मंग आमी सारे पत्ता तोडाले जंगलात गेलो. दुपारी आलो तं बाबा काठावर पडून होते. मीच ओरडली, साहेब."

"आणि डोंगा?"

"त्याच्याकडं कोनं पाह्यलंच नाही."

मी तेच तेच फिरवून विचारलं. ती तेच तेच सांगत राहिली, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मला वाटलं, पोरगी पक्की आहे. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "पोलीस व्हायला निघालीस आणि पोलिसाशी खोटं बोलतेस?" ती दचकली, पण हलली नाही.

एवढ्यात बाकावरून आजी म्हणाली, "डोंगा गेला तं एवढे कागद लिहून राहिले. माहा दगड गेला त्याचं कोन लिहीन?"

"कसला दगड, आजी?"

"धुन्याचा! माह्या सासूपासूनचा. आमच्या चार जनींचे चारी दगड गेले घाटावरून. त्याच दिवशी गेले."

ठाण्यात हशा पिकला. मीही हसलो. नव्या हवालदाराने विचारलं, "आजी, दगडाचं वर्णन काय लिहू?" आजी रागाने उठल्या. दगडचोरीची नोंद काही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. जबाब मिळणार नव्हता, पण पंचांसमोर पाहणी तरी व्हावी. आजी आपल्या दगडाचं रडगाणं घेऊन मागोमाग होत्याच. ओसरीवर म्हाताऱ्याची खाट. मुलगा उशाशी. मला बघताच म्हाताऱ्याने डावा हात उचलला, पंजा पालथा केला आणि खाली दाबला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला.

"पानी मांगते," मुलगा म्हणाला आणि पेला पुढे केला. म्हाताऱ्याने पेला ढकलून दिला. "चार दिवसांपासून असंच करून राहिले. काय पाह्यजे, समजतच नाही."

मी वर पाहिलं. आढ्याला डोंग्याचा दोर नीट वेटोळं करून टांगलेला. शेजारी वल्हवायचा बांबू आणि पाणी उपसायचा डबा. मुलाला विचारलं, तर म्हणाला, मी आलो तेव्हापासून तिथेच आहे. डोंगा चोरणारा माणूस दोर सोडून मालकाच्या घरी व्यवस्थित टांगून जाईल? इथवर माझं डोकं चाललं. पुढे चालेना.

आजी मात्र दोराकडे बघत होत्या, मग त्या पालथ्या पंजाकडे. खाटेजवळ जाऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"काहून रे भाऊ, माहा दगड तूनंच नेला काय?"

म्हातारा थबकला. मग त्याचा अर्धा चेहरा हसू लागला. त्याने मान हलवली, हलवतच राहिला, आणि डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

"बुडवला ना बाप्पा यानं डोंगा!" आजी ओरडल्या. "याचा बाप बी असाच बुडवे. उनात लाकूड तडकते म्हनून दगडं टाकून पान्यात ठेवे, पावसारीत काढे."

मग सगळं उलगडलं. दर उन्हाळ्यात म्हातारा डोंगा ओढून जांभळाच्या सावलीत ठेवी आणि वर ओली पोती टाकी. ओढायला मुलगा असे. यंदा मुलगा आलाच नव्हता. एकट्याने ओढवेना, म्हणून बापाची रीत आठवून त्याने घाटावरचे दगड डोंग्यात लोटले आणि डोंगा पाण्यात नेऊन बुडवला. दोर, बांबू घरी टांगून, धुण्याला येणाऱ्या बायकांना दगडांचं सांगायला परत काठावर गेला असावा, तिथेच कोसळला. भर दुपारच्या उन्हात, या वयात.

चार ढिवर पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात, कमळाच्या पानांखाली बांबू लाकडावर ठक्कन वाजला, तशी सगळी वस्ती ओरडली. आधी दगड वर आले, मग डोंगा. एकही तडा नव्हता. मुलगा काठावर डोकं धरून बसला होता. उठला तो थेट त्या मुलीपुढे गेला. "बाई, माह्यानं चुकी झाली." आजींनीच त्याला हाताला धरून घरी नेलं आणि जेवायला वाढलं. असली वस्ती ती.

अर्ज निकाली काढला. पडताळणीचा कागद सहीनिशी रवाना केला आणि मुलीला बोलावून सांगितलं, "त्या दिवशी मी ओरडलो, ते चुकलंच."

ती म्हणाली, "रडू आलं होतं साहेब. पन म्हनलं, उद्या मले बी त्या खुर्चीवर बसा लागन. समोरच्याले कसं वाटते, ते पाहून घ्यावं."

या वाक्याने मला जेवढी शरम वाटली, तेवढी कुठल्या वरिष्ठाच्या मेमोनेही वाटली नव्हती.

ती ट्रेनिंगला निघाली त्या सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. म्हाताऱ्याची खाट पाळीवर आणून ठेवली होती. त्याच्या मुलाने बांबू हातात घेतला आणि तिला डोंग्यात बसवून तलावाची फेरी मारली. नव्या सुनेला नव्हे, नोकरीवर निघालेल्या पोरीला मिळालेली ती पहिली फेरी. आजी आपल्या दगडावर धुणं आपटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता लिहा साहेब, दगड भेटला म्हनून."

मी ठाण्यात येऊन स्टेशन डायरीत खरंच तशी नोंद केली. हवालदार हसला, मी हसलो नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत क्षुल्लक वाटलेली तक्रार मी सगळ्यांत आधी लिहून घेत असे. त्या दिवशी ठाण्यात आजींचा दगड लिहून घेतला असता आणि चार दगड त्याच दिवशी कुठे गेले, एवढंच विचारलं असतं, तर ती मुलगी दोन रात्री चोर म्हणून झोपली नसती.