अप्पांच्या खोलीतली भैरवी

मी मोटार इन्शुरन्सची सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक सांगतोय तसंच घडलं का, ते शोधून काढायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणी 'आपोआप झालं' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो — आपोआप म्हणजे नेमकं कसं? तुम्ही इथे लिहिता ते भुताखेतांचे अनुभवही मी आजवर त्याच नजरेने वाचले. खरं सांगायचं तर बऱ्याचदा चहा पिता पिता त्यांतल्या चुका काढल्या. आता स्वतःच लिहायला बसलेय तर... असो. घडलं तसं सांगते.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो, आनंदवल्लीच्या जरा अलीकडे. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अप्पा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. समोरच्या दारात देवरे काकू. त्या मूळच्या सटाण्याच्या, बोलतात आपल्यासारखंच, पण घाबरल्या किंवा चिडल्या की अहिराणीवर येतात.

अप्पांनी नोकरी केली सातपूरला, पण जीव सगळा क्लॅरोनेटमध्ये. मी पेटी वाजवते. संध्याकाळी मी ऑफिसातून आले, चहा झाला, की आम्ही दोघं हॉलमध्ये बसतो. श्रोते कुणी नसतात, नकोच असतात. पेटीचा भाता हलला आणि पहिला सूर भरला की दिवसभराचे चेपलेले पत्रे, गॅरेजवाल्यांची हुज्जत, सगळं कुठल्या कुठे जातं. अप्पा पुढे, मी मागे. ते एखादी जागा घेतात, मी ती उचलते, ते डोळे मिटूनच मान हलवतात... बास, एवढंच. पण या 'एवढंच'साठी मी दिवस ढकलते म्हटलं तरी चालेल. शेवटी भैरवी. एकदा भैरवी झाली की बैठक संपली. मग कुणी कितीही गळ घाला, अप्पा वाद्य हातात घेत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात अप्पांना न्यूमोनिया झाला. आधी साधा खोकला होता, मग दम लागायला लागला, आणि बघता बघता आयसीयू. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. मी तिथेच बाहेरच्या खुर्च्यांवर मुक्काम ठोकला होता, घरी फक्त आंघोळीपुरती जायची. असे काही दिवस गेल्यावर एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ऑक्सिजन वर येत नाहीये, म्हणाले. कुणा नातेवाइकांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

बोलवणार कुणाला? मी काचेतून आत बघत उभी राहिले. मशीन अप्पांच्या छातीत श्वास भरत होतं आणि काढून घेत होतं.

तेवढ्यात देवरे काकूंचा फोन आला.

"मेधा, अप्पांना घरी आणलंस का गं? कळवलं पण नाहीस."

मी म्हटलं, नाही काकू, ते आयसीयूमध्येच आहेत. मी त्यांच्या समोर उभी आहे. त्यावर अगदी हळू आवाजात काकूंनी विचारलं, "मग घरमा कोन शे?"

त्यांनी फोन आमच्या दाराला लावला. मला पलीकडून क्लॅरोनेट ऐकू आलं.

दुसऱ्या कुणाचं असेल, रेडिओ असेल, असं म्हणायला वावच नव्हता. मांड रागातली एक धून अप्पांनी स्वतः बसवली आहे, आमच्या हॉलबाहेर ती कधी गेलेली नाही. रेकॉर्डिंग म्हणाल तर अप्पांना त्याचा इतका राग की मी कधी केलंच नाही. तीच धून चालू होती. शेवटाकडे ती संथ होत होती... आणि कशासाठी संथ होते, ते मला माहीत होतं. यानंतर अप्पा भैरवी घेतात.

मी अप्पांच्या हाताकडे बघितलं. बोटं निपचित होती. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट आली — ती भैरवी पूर्ण होता कामा नये. का, कशी, विचारू नका. मरणाच्या दारात असलेल्या बापाला तसंच सोडून मी स्कूटर काढली. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबले की नाही, आठवत नाही.

काकू जिन्यातच उभ्या होत्या. आमच्या दाराला कुलूप तसंच होतं. मी ते उघडलं. हॉल रिकामा. आवाज अप्पांच्या खोलीतून येत होता, बंद दारापलीकडून. भैरवी सुरू झाली होती.

मी कडीवर हात ठेवला. दार उघडलं आणि आवाज थांबला तर? की थांबायलाच हवा? मी कडी सोडली, हॉलमध्ये आले, पेटीवरची चादर ओढून काढली आणि खाली बसले.

आधी नुसते सूर धरले. आतल्याने ते ऐकले असावेत, कारण त्याने माझ्यासाठी जागा सोडली. अप्पा सोडतात तशीच. मी ती भरली. काकू माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या, त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. भैरवी उतरणीला लागली. आता एक-दोन आवर्तनं, की संपलं.

मी आयुष्यात कधी अप्पांच्या पुढे जाऊन वाजवलेलं नाही. त्या दिवशी गेले. कोमल गंधार यायचा तिथे मी मुद्दाम शुद्ध गंधार दाबला आणि सरळ दुसराच राग, पहाडी, धरला.

आतलं क्लॅरोनेट थांबलं.

मला वाटलं, संपलं सगळं. पण भाता मी सोडला नाही. तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, आणि मग आतून एक सूर आला, अगदी हलका. चाचपडत आल्यासारखा. पहाडीतला. तो माझ्या मागे आला होता.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो. भीती होतीच, दाराकडे बघायची हिंमत नव्हती. पण त्याचबरोबर मी असं वाजवत होते, जसं कधीच वाजवलं नव्हतं. मी नेईन तिकडे ते सूर येत होते. कुठे कुठे मला पुढची वाट दाखवत होते, की बघ, इथूनही जाता येतं. एकदा तर मी चक्क हसले. काकूंनी माझ्याकडे कसं बघितलं, ते मी विसरणार नाही.

मग पर्समधला फोन वाजायला लागला. काकूंनी काढून बघितलं, हॉस्पिटलचा होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. मी मानेनेच नको म्हटलं. बंद झाला, पुन्हा वाजला. माझे खांदे भरून आले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात थांबवायची माझी तयारी नव्हती.

क्लॅरोनेटच थांबलं. ओळीच्या मध्यावर, सूर अर्धवट सोडून.

मी फोन घेतला. आयसीयूच्या सिस्टर होत्या. पेशंटने डोळे उघडलेत, नळी ओढायला बघतायत, लगेच या.

निघण्याआधी मी खोलीचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. खिडकीला ग्रिल आहे, आत शिरायला दुसरा रस्ता नाही. क्लॅरोनेटची पेटी टेबलावर बंद होती. मी ती उघडली. वाद्याचे सगळे भाग सुटे, आपापल्या खाचेत. ते सुटे करून नीट ठेवायला अप्पांनाही चांगली काही मिनिटं लागतात, आणि आवाज थांबून तर तेवढी मिनिटं झालीही नव्हती. लाकूड कोमट होतं. तोंडाशी लावायची रीड ओली होती.

अप्पा वाचले. डॉक्टर म्हणाले, कधी कधी पेशंट असा अचानक उचल खातो, आम्हालाही नेहमी सांगता येत नाही. मी माझ्या मनाशी एक उत्तर ठरवून टाकलं होतं — अप्पाच आले होते. शरीर तिकडे अडकलं, जीव इकडे वाद्यापाशी आला. माझ्यासारखीला हे पटायला जड होतं, पण त्यात एक दिलासा होता. अप्पांना मी काही सांगितलं नाही. त्या काळातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

घरी आल्यावर छातीत जरा ताकद आली, तेव्हा एका सकाळी त्यांनी क्लॅरोनेट मागितलं. पेटी उघडली. माउथपीस हातात घेतला, आणि त्यांचा अंगठा एका जागी थांबला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला.

"हे कुणाला दिलं होतंस?"

मी म्हटलं, कुणालाच नाही.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. वरच्या बाजूला, वाजवताना जिथे वरचे दात टेकतात तिथे, दोन खोल खुणा होत्या. ताज्या. अप्पांना वरचे दात नाहीत. कवळी आहे, ती काढून ठेवूनच ते वाजवतात, वरचा ओठ आत दुमडून. मी लहान होते तेव्हापासून.

मग मात्र मी सगळं सांगितलं. काकूंना बोलावून घेतलं, त्यांनीही सांगितलं.

मी शोधायचं तेवढं शोधलं. आमच्या बिल्डिंगमध्ये क्लॅरोनेट वाजवणारं दुसरं कुणी नाही. घराची दुसरी किल्ली अप्पांच्या पाकिटात होती, ते पाकीट हॉस्पिटलमध्ये माझ्याकडे. हे वाद्य अप्पांनी नवीन घेतलेलं, त्याला आधीचा मालकही नाही. रिपोर्ट लिहायचा तर कारणाचा रकाना मला कोरा सोडावा लागेल. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

अप्पांनी मात्र 'कोण' असं विचारलंच नाही. त्या सकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, "वाजवत कसा होता?"

वडिलांशी मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "अप्पा, तुमच्याहून चांगला."