बॉनेटवरचा अंगठा

माझा अंगठा कुठल्याही मशीनवर उमटत नाही. एका लाल गाडीच्या बॉनेटवर मात्र तो असा उमटलाय की पोलिसांनाही भिंग लागणार नाही.

गाडी वीतभर लांब. माझा मेहुणा सुनील सीवूड्सला राहतो आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून छोट्या गाड्या बनवतो. (चांगला इंजिनिअर माणूस, पण रविवारी चिमट्यानं आरसे चिकटवत बसतो!) मीनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पन्नासाव्या वाढदिवसाला त्यानं आमच्या पहिल्या गाडीचं मॉडेल करून दिलं. ती सेकंडहँड लाल गाडी मी मीनाला न विचारता विकली होती. गिऱ्हाईकच तसं मिळालं! सौदा इतका झकास झाला की पुढे बरेच दिवस घरात मी एकटाच बोलत होतो.

मॉडेल बघून मीना रडली. मी बॉनेट बघितलं. दारं आरशासारखी गुळगुळीत आणि बॉनेट संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत!

मी लगेच ओळखलं. टोमणा! खरी गाडी पहिल्यांदा सासरी नेली, तेव्हा सगळ्यांसमोर याच सुनीलनं विचारलं होतं, "दाजी, बॉनेटवर पुरळ आलंय का?" ते मी विसरलो नव्हतो. (मी काहीच विसरत नाही. कामोठ्यात शून्यातून रंगाचं दुकान उभं केलंय, विसरून चालत नाही.)

"मुद्दाम केलंय त्यानं," मी म्हणालो.

"छान आहे. हात लावू नका."

"अगं, माझा रंगाचा धंदा आहे! लोक मला विचारायला येतात."

"भिंतींचं विचारतात."

हे मला लागलं. सोमवारी ती शाळेत शिकवायला गेली आणि मी दुकानातून पॉलिश पेपर आणला. पुट्टीवर घासतात तोच. चार हात फिरवले, खडबडीतपणा गेला. त्याच्यासोबत लाल रंगही गेला आणि आतलं करडं अस्तर माझ्याकडे बघायला लागलं.

काही हरकत नाही. स्प्रे काढला. डब्यावर लिहिलेलं, तीन पातळ हात मारा, एक दिवस सुकू द्या. एक दिवस? समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मी जन्मात मान्य केलेला नाही! एका दिवसाचा मी अर्धा केला, अर्ध्याचे दोन तास. आणि तीन पातळ हातांऐवजी एकच जाड. त्यात हवा दमट. रंगावर दुधाच्या सायीसारखा पांढरट थर आला. शाळा सुटायची वेळ झालेली. मी मीनाचा हेअर ड्रायर आणला. साय गेली, फोड आले! मग बॉनेट पापडासारखं कडेनं वर वळलं. घाबरून मी ते अंगठ्यानं दाबून धरलं.

आणि बेल वाजली.

दारात मीना, आणि तिला खालीच भेटलेला सुनील. तिच्या अल्बममधला एक फोटो परत द्यायला आला होता. दोघांनी टेबलाकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरुवात केली. (गप्प राहिलं की भाव पडतो.)

"तू बॉनेट नीट केलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

सुनीलनं फोटो पुढे केला. सासरी गाडी नेली त्या दिवसाचा. सासूबाई बॉनेटवर हात ठेवून हसतायत. आता त्या नाहीत. त्यांच्या बोटांभोवती तेच पुरळ अगदी स्पष्ट.

"दाजी, फोटोत होतं तसंच केलं होतं. मला रंग नीट मारता येतो हो. तुमच्या बॉनेटइतका वाईट मारायला चार वेळा काढून परत करावा लागला!"

तेव्हा मला जुईनगरचा पेंटर आठवला. गाडी घेतल्यावर बॉनेट त्याच्याकडून रंगवून घेतलं होतं. तो चार दिवस मागत होता. मी आवाज चढवला आणि एका दिवसात उरकून घेतलं. जिंकून घरी आलो होतो!

"परत होईल ना?" मी विचारलं.

"हे बॉनेट वाकलंय दाजी. दुसरं मिळायचं नाही. तो सेट आता येतच नाही."

मीना फोटोकडे बघत म्हणाली, "आईचा हात होता तिथे." आणि आत गेली.

सुनील भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी काहीतरी सूट मिळवतोच. त्यानं चहा घेतला, "येतो दाजी," म्हणाला आणि गेला. मला सॉरी म्हणायचं होतं, पण पहिला आकडा आपण सांगायचा नाही ही माझी सवय. तेवढ्यात लिफ्ट खाली गेली.

गाडी शोकेसमध्ये आहे. तिच्यावरची धूळ पुसायची मला परवानगी आहे, तीही मऊ ब्रशनं. पुसताना बॉनेटपाशी माझा हात आपोआप हळू होतो. या गाडीच्या बाबतीत मी कधीच घाई केली नसावी, असं बघणाऱ्याला वाटेल.

परवा आम्ही नवीन सिमकार्ड घ्यायला गेलो. इतकी वर्षं थिनरमध्ये हात घालून माझी बोटं गुळगुळीत झालीयेत. दुकानदारानं माझा अंगठा मशीनवर तीन-चारदा दाबला.

"काका, उमटतच नाही हो. दुसरं काही प्रूफ आहे का?"

त्या दिवसापासून बॉनेटचं नावही न काढणारी मीना शेजारून म्हणाली, "थांबा दादा, घरून गाडी घेऊन येते."