पहिल्या रविवारचे वाचन

"ऐका. समजलं न्हाई तर आत्ता इचारा. माघारी बोलायचं न्हाई."

वाचनाला सुरुवात करण्याआधी अक्का हे म्हणत. त्याच्याही आधी चष्मा काढून पदराने पुसत आणि समोर किती माणसे बसली आहेत ते बोटाने मोजत. तिघे असले तरी मोजत.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकांची, आबांची, एकुलती मुलगी, दोन भावांहून थोरली. सासर नेऱ्याला. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी. गावच्या महिला बचत गटाचा हिशेब पंधरा वर्षे त्यांच्याकडे होता. मी आबांच्या नांदे गावातल्या घरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि पुण्यात एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करत होतो. अक्का मला 'पेपरवाले' म्हणत.

आबांनी रस्त्याकडच्या शेताचा तुकडा विकून तीन मजले बांधले होते. नऊ खोल्या, बहुतेक भाडेकरू हिंजवडीत नोकरीला. फाटकावर चिकटवलेला चौकोनी कोड मोबाइलने टिपला की भाडे आबांच्या खात्यात जाई. आबा एका मंगळवारी गेले आणि तेरावे झाल्यावर कपाटातून नोंदणी केलेले मृत्युपत्र निघाले. त्यात तीन गोष्टी होत्या. पत्नी असेपर्यंत सगळे भाडे तिचे. तिच्यानंतर तिन्ही मुलांना तीन-तीन खोल्या. आणि हे सगळे पार पाडण्याचे काम मुलीने करायचे.

आपल्याकडे अशा वेळी मुलीचे काम काय असते, ते तुम्हालाही ठाऊक आहे. भावांबरोबर कचेरीत जायचे, हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवून सासरी परतायचे. इथे जिने सोडून द्यायचे, तिच्याच हाती सगळे दिले होते. थोरल्या भावाने मृत्युपत्र दोनदा वाचले आणि घडी घालून आईच्या मांडीवर ठेवले, असे धाकट्याने मला सांगितले. हे मी पाहिलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्का बँकेत गेल्या आणि वडील वारल्याचे कळवून आल्या. बँकेने खाते गोठवले. संध्याकाळी ओट्यावर बहीण-भावांचे जे बोलणे झाले, ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आले.

"कार्ड चालत हुतं न्हवं? मग बँकंला सांगायची एवढी काय घाई हुती?" थोरला म्हणाला.

"बँकंला न्हाई सांगितलं तर आबा मेलेच न्हाईत असं हुतंय व्हय?"

"आगं, सगळं गाव असंच करतंय. आधी पैसं काढून घ्यायचं, मग सांगायचं."

"गावाचं गाव बघंल. मला आबांनी सांगितलंय."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का नेऱ्याहून आल्या, ओट्यावर सतरंजी अंथरली आणि सगळ्यांना बोलावले. भाडेकरूंनासुद्धा. बचत गटात हिशेब मोठ्याने वाचायची आणि बसलेल्या प्रत्येकाने त्यावर सही करायची पद्धत असते. अक्कांना हिशेबाची दुसरी पद्धत माहीत नव्हती. थोरल्याने हळू आवाजात म्हणून पाहिले, "अक्का, घरातलं हाय. ह्यांना कशाला?"

"पैसं ह्यांचंच हायेत. कुटं गेलं ते ऐकू दे की."

मग त्यांनी छापून आणलेल्या पासबुकातले वाचायला सुरुवात केली. भाडे, विजेचे बिल, आबांच्या औषधांची दुकाने. पुढच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि त्याच आवाजात वाचले, "बुधवार. आबांनी कार्डावर चाळीस हजार काढले." पान उलटण्याआधी थांबल्या. "आबा मंगळवारी गेले."

माझ्या शेजारी बसलेला सोलापूरचा मुलगा हसू दाबायला खाली वाकला. थोरल्याची मान लाल झाली.

"दहाव्याचा मांडव काय फुकट आला? जेवाण काय आभाळातनं पडलं?"

"तसं म्हणलंय का मी? पावत्या आण. लिवून टाकते."

त्याने पावत्या आणल्या. एकतीस हजारांच्या होत्या. उरलेले नऊ हजार अक्कांनी वहीत थोरल्याच्या नावे मांडले आणि दर पहिल्या रविवारी, जमा-खर्च संपला की शेवटची ओळ म्हणून वाचले. पुढच्या वाचनापासून थोरला सतरंजीवर बसेनासा झाला. वाचन सुरू झाले की अंगणात आपला टेम्पो धुवायला घेई. टेम्पो इतक्या वेळा धुण्याइतका मळत नव्हता.

अक्का चुकत नसत असे नाही. विजेचे बिल आबांच्या खात्यातून आपोआप कापले जात होते, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. खाते गोठले, बिल थकले आणि एके दिवशी इमारतीची वीज तोडली गेली. मोटर बंद, टाकी रिकामी. आम्ही नऊ बिऱ्हाडे दीड दिवस बादल्या घेऊन हातपंपावर. अक्का नेऱ्याहून आल्या, बिल भरले आणि मग नऊच्या नऊ दारे वाजवून सांगितले, "चूक माझी हाय. बिल खात्यातनं जातंय, मी बघितलं न्हाई." माझ्या दारात त्या उभ्या होत्या तेव्हा खालून थोरल्याचा आवाज आला, "आबा हुते तवर लाईट हुती!" अक्कांनी जिन्यातून खाली वाकून पाहिले. "खरं हाय त्येचं," त्या मला म्हणाल्या आणि पुढचे दार वाजवले.

भाड्यासाठी आईच्या नावाने नवे खाते उघडले. फाटकावरचा जुना कोड अक्कांनी पाणी लावून हळूहळू सोडवला, वाळवला आणि फाईलमध्ये ठेवला. खरी अडचण गोठलेल्या खात्याची होती. त्यात आबांची सगळी शिल्लक होती, आणि आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यातूनच व्हायची होती. बँकेने सगळ्या वारसांच्या सह्यांचे ना-हरकत पत्र मागितले. आईने अंगठा दिला, धाकट्याने सही केली. थोरला म्हणाला, "आधी हक्कसोड कर. मग माझी सही घे."

अक्कांच्या बँकेतल्या अर्जांची भाषा मी तपासून देत असे. ना-हरकत पत्राचा कागद घेऊन त्या वर आल्या तेव्हा मी, कुणी विचारले नसताना, म्हणालो की हक्कसोड करून टाकली तर आईचे काम लगेच होईल.

"माझ्या तीन खोल्या मी सोडीन एक वेळ," त्या म्हणाल्या. "पण मग उद्या आईचं भाडं सोड म्हणलं, तर कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?" त्यांनी कागदाची घडी घातली. "आबांनी काम लिवलं, पेपरवाले. त्या कामात भाऊ जाईल असं कागदात कुटं लिवलं नव्हतं."

भाऊबीज त्याच सुमारास आली. अक्का दुपारी ताट घेऊन आल्या. धाकट्याला ओवाळले. थोरला पिरंगुटला माल पोचवायला गेला होता, असे त्याच्या बायकोने सांगितले. अक्का ओट्यावर थांबल्या. मी संध्याकाळी कामावर निघालो तेव्हा त्याही बसथांब्याकडे चालल्या होत्या. हातातले ताट रुमालाने झाकलेले होते. "गाड्यांची गर्दी लई वाढली बगा ह्या रस्त्याला," एवढेच त्या बोलल्या.

पाचवे वाचन मला जसेच्या तसे आठवते. अक्कांनी शेवटची ओळ वाचली, "थोरल्याच्या नावे नऊ हजार, पावती नाही." आई नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. या बैठकांत ती कधी बोलत नसे.

"भजनवाल्यांला दिलं त्येनं," आई म्हणाली. "नऊ रात्री भजन झालं. माझ्यासमुर दिलं, नारळावर ठिवून."

अंगणात पाण्याचा आवाज चालू होता. अक्कांनी चष्मा काढला.

"आगं, मग पाच महिने गप का बसलीस?"

"तू मला इचारलंस कुटं? तू पावत्या इचारल्यास."

अक्कांनी वही मिटली. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. जाताना त्या टेम्पोपाशी थांबल्या, हे मी वरून पाहिले. "आरं, मग सांगायला काय झालं हुतं तुला?"

थोरला चाकावर पाणी मारत राहिला. "बापाच्या भजनाची पावती मागू व्हय मी?"

आता थोडे आमच्या धंद्याविषयी सांगावे लागेल. वर्तमानपत्रात चूक झाली की आम्ही दुरुस्ती छापतो. चूक पहिल्या पानावरची असली तरी दुरुस्ती आतल्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत. वीस वर्षांत मी अशा दुरुस्त्या शेकड्यांनी लिहिल्या असतील. जागा कमी लागावी आणि नजरेत भरू नये, हे त्यातले कसब.

पुढच्या पहिल्या रविवारी अक्कांनी सतरंजी ओट्यावर नाही, अंगणात अंथरली. टेम्पोपासून चार हातांवर. नेहमीचे वाक्य म्हटले नाही, माणसेही मोजली नाहीत. उभ्या राहिल्या आणि ज्या आवाजात पाच महिने ती ओळ वाचली होती, त्याहून मोठ्या आवाजात वाचले:

"पयली ओळ. थोरल्याच्या नावे नऊ हजार, असं मी पाच वेळा वाचलं. ते चुकीचं हुतं. ते पैसे आबांच्या भजनाला गेले. पावती नाही, लागणारही नाही. चूक वाचणाऱ्याची." मग आमच्याकडे वळल्या. "तुमी समद्यांनी ते ऐकलं हुतं. म्हणून हे बी ऐका. आणि सह्या करा."

आम्ही सह्या केल्या. सोलापूरच्या मुलाने केली, मी केली. वही पुढे सरकत असताना पाण्याचा आवाज थांबलेला मला जाणवला. थोरला पाइप बाजूला टाकून, हात पँटला पुसत सतरंजीच्या कडेला येऊन उभा राहिला.

"आण तो बँकंचा कागूद."

"हक्कसोड मी करणार न्हाई," अक्का म्हणाल्या. "आत्ताच सांगते. माघारी न्हाई."

"कर म्हणतंय कोण?" त्याने सही केली. ओल्या हाताचा डाग कागदावर पडला. तो डाग चालेल का, हे विचारायला अक्का मंगळवारी बँकेत गेल्या. चालला.

महिन्याभरात आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. ती आणखी तीन वर्षे जगली आणि प्रत्येक वाचनाला भिंतीला टेकून बसली. तिच्यानंतर अक्कांनी शेवटचे वाचन केले, शिल्लक तिघांत वाटली आणि किल्ल्यांचे तीन जुडगे ओट्यावर ठेवले. गावाची खात्री होती की आता तरी अक्का आपला जुडगा भावांकडे सरकवतील. मलाही तसेच वाटले होते. अक्कांनी तो उचलून कमरेला खोचला. "आबांनी दिल्यात," त्या म्हणाल्या. "सोडल्या तर आबांचं चुकलं असं हुईल." थोरल्याने मान डोलावली आणि त्यांना नेऱ्यापर्यंत टेम्पोने सोडून आला.

त्यानंतर अक्का नांद्यात फारशा दिसल्या नाहीत. गुडघे गेले, बस चढवेना. भाऊबीजेला आता भाऊच तिकडे जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या त्यांच्या, म्हणजे कागदोपत्री आज माझ्या घरमालकीण त्याच. भाडे थोरला गोळा करतो. पहिल्या रविवारी ओट्यावर सतरंजी नसते, कुणाला बोलावणे नसते.

परवाच्या रविवारी मी दूध आणायला खाली उतरलो. थोरला ओट्यावर एकटाच बसला होता. नाकावर चष्मा, मांडीवर वही, मोबाइल स्पीकरवर ठेवून कानापासून लांब धरलेला. मी जिन्यात थांबलो.

"मोटर दुरुस्ती, अकराशे. व्हय, पावती हाय. रंगाचं, चार हजार. हाय की पावती, बोट ठिवूनच वाचतुया." पलीकडून काही विचारले गेले. त्याने पान उलटले. "आबांच्या वर्षश्राद्धाचं भजन, दोन हजार."

त्याने चष्मा काढला आणि पलीकडचे ऐकून घेतले.

"न्हाई, अक्का," तो म्हणाला. "न्हाई मागितली."