विणकराचा हात

आक्का साडी तपासताना चष्मा काढून ठेवायची आणि भांडताना आठवणीने लावायची. समोरच्याचं तोंड कसं पडलंय ते नीट दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण बेळगावच्या वडगावात मागावरून उतरलेल्या साड्या तपासायची. गल्लीतले विणकर तिला टरकून असत.

एकसारख्या दहा साड्या पसरल्या तरी कुठली कुणी विणली हे ती सांगे. नक्षी बघू नये, हात बघावा, म्हणे. कुणाची वीण घट्ट, कुणाची ढिली. नक्षी बदलली तरी हात बदलत नाही. खडेबाजारातल्या एका व्यापाऱ्याने तिची परीक्षा घेऊन पाहिली. शेवटी तोच तिला चहा पाजून गेला.

मी विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशावर संशोधन करत होते. आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या, न दिसणाऱ्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने तो किंचित वाकतो, त्याच्यातले कमी-जास्त उष्णतेचे ठिपके ताणले जातात. त्या ताणावरून न दिसणाऱ्याचा नकाशा काढायचा. मी आभाळाचा एक चिमुकला तुकडा घेतला होता; दोन वर्षं माझ्या नकाशात गोंधळाखेरीज काही उतरेना. शेवटी सगळं सोडून बेळगावातच कॉलेजात शिकवायचं ठरवून मी घरी आले.

आक्काने ऐकून घेतलं आणि चष्मा लावला. मी घाबरलेच.

"मूळची नक्षी कुणी बघितलीया?"

कुणीच नाही, मी म्हटलं. एकेक ठिपका कसा होता ते कळत नाही. सगळे मिळून साधारण कसे असतात, तेवढं ठाऊक आहे.

"मग इणकराचा हात ठावं हाय की गं तुला. एवढ्याशा तुकड्यात काय बघत बसलीस? लई कापड पसर. ओढ कुठं हाय ते आपसूक दिसतंय."

पुस्तकातही तेच होतं, पण मी हट्टाने त्याच तुकड्यावर अडून बसले होते. मला रडूच आलं. कॉलेजचा अर्ज मी पाठवला नाही.

पुढच्या वर्षी नकाशा घेऊन आले, तेव्हा आक्का अंथरुणाला खिळली होती. न दिसणारं कुठे साचलंय ते कागदावर फिकट उमटलं होतं. तिने तो बराच वेळ न्याहाळला. मी शाबासकीची वाट बघत होते.

"ह्ये आभाळाचं केवढं?"

जेमतेम एक कोपरा, मी म्हटलं.

"मग हितं काय करायलीस? जा की."

मी गेले. तिच्या दिवसकार्याला मला पोचता आलं नाही. त्या दिवशी आम्ही आभाळाचा दुसरा तुकडा तपासायला घेतला होता, आणि तो टाकून आले असते तर आक्काने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.