वहिनींच्या मापाचं टेबल

शर्टांच्या त्या कारखान्यात वहिनींचं अर्धं आयुष्य कॉलर शिवण्यात गेलं. शिलाईच्या मशीनवर सगळ्या बाया, कटिंगच्या टेबलाशी मात्र पहिल्यापासून पुरुषच. शिवणारीला नगावर मजुरी, कापणाऱ्याला महिन्याचा पगार आणि वर मास्तर म्हणून मान. वहिनींना पगारही हवा होता आणि मानही, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांशेजारी उभ्या राहून त्या कापडावर आखायला शिकल्या. मास्तरांना सगळे मामा म्हणत. माणूस मनाचा मोठा, शिकवताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. पण टेबल पडलं उंच. वहिनी टाचा उंचावून कापायला गेल्या की कात्री डगमगायची आणि कापडाच्या थप्पीतले खालचे थर तिरके जायचे.

टेबल उंच आहे, असं त्या एकदा मालकांना म्हणाल्या.

"वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं," मालक म्हणाले.

सगळा कारखाना हसला. वहिनींना ते फार लागलं.

पुढे मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, नेमकी मोठी ऑर्डर हातात असताना. मालक बाहेरचा मास्तर शोधू लागले. तेव्हा वहिनी सरळ जाऊन म्हणाल्या की मी कापते, फक्त टेबलाचे पाय वीतभर कमी करू द्या. कापड वाया गेलं, तर मला कॉलरच्या कामावरही ठेवू नका. मालक अडले होते, हो म्हणाले.

टेबल केलं होतं वहिनींच्याच नवऱ्यानं. तो सुतार. करवत घेऊन आला खरा, पण टेबलाखाली बसून घुटमळत राहिला.

"अगं, मामांच्या कोपराचं माप घेऊन केलंय हे. कापलेला पाय पुन्हा वाढत नाही."

"मग आता माझ्या कोपराचं घ्या," वहिनी म्हणाल्या, "आणि चालवा करवत."

पहिल्याच दिवशी घाईत साचा उलटायचा राहिला आणि सगळ्या बाह्या डाव्याच निघाल्या. बाया पोट धरधरून हसल्या, वहिनीही हसल्या. पुढच्या थप्पीतून त्यांनी नुसत्या उजव्या कापल्या आणि जोड्या जुळवल्या. त्यानंतर कात्री चुकली नाही. ऑर्डर वेळेत गेली.

मामा बरे होऊन परतले आणि मोठ्या हौशीनं कात्री घेऊन उभे राहिले. थोड्याच वेळात कमरेवर हात गेला. वाकून वाकून पाठ भरून आली, आखलेली रेघ सुटली.

"टेबल फार खाली गेलंय," मामा ओशाळून म्हणाले.

मशीनं थांबली. बाया वहिनींकडे बघू लागल्या. ती म्हण सगळ्यांच्याच ओठांवर आली होती. वहिनींनी तर ती किती दिवस जपून ठेवली होती. पण मामांची पाठ खरंच दुखत होती.

"मामांचा काही दोष नाही, मालक. अंगणच वाकडं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना त्यांच्या मापाचं टेबल करून द्या. हे माझं आहे."

या खेपेला मालक हसले नाहीत. त्यांनी सुताराला निरोप धाडला.