हसणाऱ्या थेटरात मावशी

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेत होते. ‘बेबीताई, घरी या,’ एवढंच शेजारच्या विमलबाई म्हणाल्या आणि पुढे काही सांगेनात. माझा स्वभाव तापट. मी खेकसले, ‘अहो, घराला आग लागली का?’ तशा त्या रडायला लागल्या आणि मला कळलं. मावशी झोपेतच गेली होती. आता महिना होऊन गेला. सुरतच्या नवागामात आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीकडे पाठ करून बसावं तर चैन पडत नाही, तोंड करून बसावं तर त्याहून पडत नाही. वर्गात फळ्यावर तारीख लिहायची विसरते, घरी आले की कुलूप लावलंय त्या दाराशी जाऊन उभी राहते. भेटायला येणारे सगळे म्हणतात, ‘ताई, लिहा त्यांच्यावर, त्यांच्या मिस्टरांवर तर सिनेमा निघाला होता!’ म्हणून लिहायला बसलेय. पण त्यांना हवंय तसं हे नाही, आधीच सांगते.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. माहेर पारोळ्याकडचं, सासर अमळनेरकडचं. नवरा, म्हणजे आमचे हिलालकाका, फौजेत. लग्न झालं आणि दोन सुट्ट्या काय त्या संसाराच्या वाट्याला आल्या. मग सीमेवर लढाई झाली, काका एका टेकडीवरच्या चौकीत दारूगोळ्याची पेटी नेताना कामी आले आणि मावशी विशीत विधवा झाली. मूल नाही, बाळ नाही. सासू-सासरे गेल्यावर माझी आई तिला सुरतला घेऊन आली, तेव्हापासून ती आमचीच. इथल्या बायका करतात तेच काम तिने आयुष्यभर केलं... धागा कटिंग. भरतकामाच्या मशीनवरून साड्या उतरतात तेव्हा मागच्या बाजूला दोऱ्यांचं रान माजलेलं असतं. ते कात्रीने साफ करायचं. गल्लीतल्या पाच-सहा जणी ओट्यावर गठ्ठे घेऊन बसायच्या आणि मावशी त्यांची म्होरकी. बोलायला फटकळ, हाताला चपळ. पण नवऱ्याचा विषय निघाला की कात्री जरा जोरात चालायची, बस्. आम्हाला वाटायचं, दुःख आहे. दुःख होतंच, पण आत आणखी एक गोष्ट अडकून बसलेली होती, ती या सिनेमामुळे आम्हाला कळली.

झालं असं की गावाहून फोन आला, आपल्या हिलालच्या चौकीवर पिक्चर निघालाय, खऱ्या घटनेवर. अख्खी गल्ली उठली. मावशीला नवी साडी नेसवून मधल्या खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंनी आम्ही. थेटर गच्च भरलेलं. गुजराती, ओडिया, भैये, आपली माणसं, सगळे. बंदूक उडाली की शिट्ट्या, झेंडा दिसला की घोषणा, पुढच्या रांगेतली पोरं तर उभीच राहत होती. आणि मग पडद्यावर आले आमचे काका. नाव बदललेलं होतं, पण गाव खान्देशातलं, हातात तीच दारूगोळ्याची पेटी आणि मरण तेच. फक्त माणूस... अहो, विदूषक! ढेरपोट्या, खादाड, थंडीने कुडकुडताना ‘माय वं, माय वं’ करणारा. आणि त्याचं पेटंट वाक्य काय, तर साहेबाला सांगतो, ‘मेरी घरवाली मुंह से नहीं बोलती साहब, उसके बर्तन बोलते हैं. थाली पटकी तो गुस्सा, लोटा खनका तो चाय तैयार!’ आणि मेसच्या डब्यावर चमचा आपटून बायकोची नक्कल करतो. थेटर कोसळलं हसून. शेजारचा एक जण गुडघ्यावर थापा मारत ‘बहु मस्त, बहु मस्त’ म्हणत होता. माझ्या अंगाची लाही झाली. मी मावशीकडे पाहिलं. तिच्या गालावरून घळाघळा पाणी वाहत होतं.

पुढे तो पेटी घेऊन सरपटत जातो आणि मरतो, तेव्हा सगळं थेटर रडलं. पलीकडच्या गुजराती बाईंनी मावशीच्या हातात रुमाल दिला, ‘रडशो नहीं बा, आ तो पिक्चर छे.’ पण तोवर मावशीचे डोळे पुसून झाले होते आणि ती पडद्याकडे अशी टक लावून बसली होती की जणू आता कुणीतरी तिला काहीतरी सांगणार आहे. शेवटी खऱ्या जवानांचे फोटो आले. तिच्या भिंतीवरचाच काकांचा फोटो एवढा मोठा झालेला. लोक उठून सलाम ठोकत होते. विमलबाईंनी ‘या त्यांच्याच मिसेस’ म्हणून सांगून टाकलं, तसा एका पोराने मावशीच्या पायाला हात लावला आणि लगेच मोबाइल काढून म्हणाला, ‘आजी, एक सेल्फी?’ मी त्याला असं काही झापलं की गार्ड आला.

घरी येईस्तोवर माझं तोंड बंद नव्हतं. नोटीस पाठवते, पेपरात देते, यांची जिरवतेच. शहीद माणसाचं माकड केलंत! मावशी म्हणाली, ‘गप बस व बेबी. माले इचार करू दे.’ आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘माले परत पिक्चरले ली चाल.’ मी उडालेच. पण नेलं. तिसऱ्यांदा विमलबाई घेऊन गेल्या. दरवेळी लोक त्याच वाक्याला हसत आणि दरवेळी ही पुढे वाकून ऐकत बसायची. दिवसभर स्वस्थ नाही. ओट्यावर बायका बसल्या की एकेकीला विचारायची, ‘तुन्हा घर बी भांडा वाजाडीसन बोलेत का व?’ म्हाताऱ्या बायका खुलायच्या. तर काय! सासऱ्यापुढे नवऱ्याशी बोलायची सोय होती का कुणाला? ताट आपटलं की त्यांना कळायचं, आज काहीतरी बिनसलंय. आमच्या विदर्भातबी असंच, एक अकोल्याची म्हणाली. सगळ्या हसत होत्या आणि ‘हो’ ऐकलं की मावशीचं तोंड आणखी उतरायचं. मला कोडंच पडलं. शेवटी मी तिच्यापुढे फतकल मारून बसले. म्हटलं, ‘तू आता सांगतेस की नाही? लोक हसतात त्याचं वाईट वाटतंय ना तुला?’

तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, लोकांचं मला काय करायचंय... हसतील नाहीतर रडतील. तिचं दुखणं वेगळंच होतं. दोन सुट्ट्यांच्या त्या संसारात ती काकांशी उजेडी एक अक्षर बोललेली नव्हती. घर एका खणाचं, सासू-सासरे समोर. मग ही चुलीपाशी बसून भांड्यांनी बोलायची. रागावली तर ताट, चहा झाला तर लोटा, अशी तिची भाषा. पण काका म्हणजे खांब! कधी मान वळवली नाही, कधी हसले नाहीत, कळलं अशी खूण म्हणून दिली नाही. लाजेने विचारायची राहून गेली आणि मग विचारायला माणूसच उरला नाही. ‘पन्नास वरीस व्हयनात बेबी,’ ती म्हणाली, ‘मी भांडासंगे बोलनू का त्यास्नासंगे बोलनू, माले काय माहित?’ आणि आता पडद्यावरचा तो जाड्या सांगत होता की कळत होतं, सगळं कळत होतं. पण ते वाक्य काकांचं की मुंबईत बसून कुणी लिहिलेलं? घरोघरच्या बायका तसंच करत असतील, तर लिहिणाऱ्याला काय अवघड होतं? एवढंच तिला हवं होतं, खरं की खोटं. मी इतके दिवस अब्रूची भाषा करत होते आणि बाईचा जीव अडकला होता भलत्याच ठिकाणी.

आता शोधणार कसं? सिनेमावाल्यांच्या कचेरीत फोन केले, कुणी धड बोलेना. इकडे त्या वाक्याचे तुकडे मोबाइलभर पसरलेले. नव्या सुना नवऱ्याच्या मागे उभ्या राहून ताटं आपटतायत, पोरं नाचतायत, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एका दुपारी माझा पारा चढला आणि मी तिथे हिंदीत लिहिलं, ‘ये मेरे काका थे, इनकी विधवा ज़िंदा है और सब देख रही है.’ झालं! कुणी म्हणे शंभर प्रणाम, कुणी म्हणे प्रसिद्धीसाठी नातं काढलं, एकाने तर मला पाकिस्तानात जायला सांगितलं. मी त्याला उत्तर देणारच होते, तेवढ्यात राजस्थानातल्या एका मुलाचा निरोप दिसला. त्याचे आजोबा रामसिंग त्याच चौकीतून जखमी होऊन वाचले होते. सिनेमावाले त्यांच्याकडे महिनाभर येत होते. ‘दादाजी बात करना चाहते हैं.’

रविवारी दुपारी बोलणं झालं. मावशी जमिनीवर, पुढ्यात साड्यांचा गठ्ठा, बाजूला नुकता उतरवलेला चहा. फोन स्पीकरवर टाकून मी मध्ये ठेवला. पलीकडचा आवाज म्हातारा पण खणखणीत. आधी ‘भाभीजी, चरणस्पर्श’ म्हणाले. मग मीच धीर करून विचारलं, ते भांड्यांचं वाक्य काकांचं होतं का?

‘नहीं बेटा,’ ते म्हणाले. ‘वो तो दूसरा लड़का था, बड़ा मसखरा. वो भी वहीं रह गया. पिक्चरवालों ने तीन आदमी मिलाकर एक बना दिया. हिलाल तो बोलता ही नहीं था. हम कहते थे, ये मौनी बाबा कहां से आ गया.’

मावशीने मान हलवली. ‘हां,’ एवढंच म्हणाली, आणि कात्री उचलून साडी पुढ्यात ओढली. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला, वाटलं, अरे खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? मी फोन आवरता घ्यायला लागले. पण ते बोलतच होते, म्हातारी माणसं बोलतात तसं, आपल्याच नादात. अच्छा माणूस होता, सगळ्यांचे डबे धुवायचा... ‘बस एक आदत थी. रोज़ शाम को खाना होने के बाद डिब्बे का ढक्कन बजाता था. पहले ऐसे किनारे पर, धीरे से, फिर पूरा बैठा देता. रोज़. हम डांटते थे, अरे चुप, दुश्मन सुन लेगा! किसको बुला रहा है? जवाब नहीं देता था. ढक्कन बजाकर थोड़ी देर वैसे ही बैठा रहता.’

मावशीची कात्री थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. आधी काठावर हलकेच टेकवलं, टुक्. मग पुरतं बसवलं.

‘यही!’ फोनमधून म्हातारा ओरडला. ‘भाभीजी, यही! बिलकुल यही आवाज़! आपको कैसे...’

तिने पदर तोंडावर घेतला होता. मग मोडक्या हिंदीत तिने त्यांना एकच गोष्ट विचारली, ‘वो दिन बी बजाया?’

‘उस शाम भी,’ ते म्हणाले. ‘बजाया, बैठा... फिर हुक्म आ गया और वो पेटी लेकर उठ गया.’

फोन संपेस्तोवर चहा गार होऊन गेला होता. मी काही विचारलं नाही, माझ्या स्वभावाला ते जडच गेलं. तिनेच मग सांगितलं. ताट रागाचं, लोटा चहाचा, हे सिनेमात सांगितलं तसंच. पण झाकण दिवसाच्या शेवटी. चूल सारवून झाली, सासूचे पाय चेपून झाले, की सगळ्यात शेवटी ती दुधावर झाकण ठेवायची. आधी काठावर, मग पुरतं. त्याचा अर्थ होता, ‘आवरलं. येते.’ हे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, ओट्यावरच्या बायकांनासुद्धा नाही. सांगताना सत्तरी ओलांडलेली बाई अशी लाजली की मलाच दुसरीकडे पाहावं लागलं. मग नाक शिंकरून म्हणाली, ‘आते हासू दे व लोकेसले. त्या पोऱ्यानी बी बायको व्हती कोठे तरी.’ त्या दुसऱ्या जवानाची आठवण मला एकदाही झाली नव्हती. तिला झाली.

त्यानंतर ती पावसाळाभर होती. सिनेमाचं नाव काढलं नाही. टीव्हीवर लागला तेव्हा विमलबाईंनी हाक मारली, तर म्हणाली, तुम्ही बघा, मला गठ्ठा संपवायचाय. बदललं काय म्हणाल तर काहीच नाही, आणि मी मात्र येताजाता तिच्याकडे चोरून बघायची, तर मलाच ओरडायची, ‘माले काय शिंगे फुटनात का?’

त्या दिवशी शाळेतून धावत आले तेव्हा दारात गर्दी होती. तिला भिंतीकडच्या अंगाला निजलेलीच ठेवली होती. मला रडू येईना, नुसतं काहीतरी करावंसं वाटत होतं, म्हणून बायकांना चहा करायला मी तिच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले. तर तिथे करण्यासारखं काही नव्हतंच. भांडी घासून पालथी घातलेली, शेगडी पुसलेली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण, नीट बसवलेलं. आदल्या रात्री ते वाजलं असणार. मी भिंतीपलीकडे वह्या तपासत बसले होते आणि मला काही ऐकू आलं नाही. महिनाभर तेच घोकतेय, ऐकू कसं आलं नाही, का आलं नाही... आणि कुठेतरी कळतंही, ते माझ्यासाठी नव्हतं.